काकूंचा खांदा, एसीसीचा क्लेम आणि अ‍ॅक्युपंक्चर: ऑकलंडमधलं एक प्रकरण

न्यूझीलंडमध्ये अपघाताने दुखापत झाली की उपचाराच्या खर्चात एसीसी, म्हणजे इथली सरकारी अपघात विमा योजना, वाटा उचलते, आणि त्यात अ‍ॅक्युपंक्चरही, म्हणजे बारीक सुया टोचून करायचा उपचार, बसतं, हे इथल्या मराठी मंडळींना साधारण माहीत असतं. पण भारतातून दोन-चार महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही हे लागू आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यातले निम्मे पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर काय लिहिलं जातंय तिकडे लक्षच देत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या आईचं प्रकरण मी सुरुवातीपासून जवळून बघितलं, कागदपत्रं मीच लावून दिली, म्हणून त्या घरच्यांना विचारून सगळं सविस्तर लिहितेय. नावं, एरिया वगैरे काही देत नाही.

काकू साताऱ्याच्या, वय 62, बीपीची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. लेकीकडे हिवाळ्यात आल्या होत्या. इकडचा जून-जुलै म्हणजे ऑकलंडमध्ये सतत रिपरिप, आणि घरांना मागच्या बाजूला जे लाकडी डेक असतात त्यावर हिरवं शेवाळ धरतं. जे इथे जुने आहेत ते पायऱ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकून घेतात म्हणजे पाय सरकत नाही, पण हे भाड्याचं घर, तिथे काहीच नव्हतं. काकू सकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या, दुसऱ्या पायरीवर सपाता सरकल्या, आणि उजवा हात पुढे टेकून पडल्या. सगळा भार मनगटावर आला आणि तिथून झटका वर खांद्यापर्यंत गेला.

पहिल्या अर्ध्या तासात घरात चर्चा काय, तर ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला फोन करायचा की आधी डॉक्टर. जावई भारतातून घेतलेल्या पॉलिसीचं पीडीएफ शोधत बसले होते. मी फोनवर सांगितलं की आधी क्लिनिकला जा, अपघात इथे झालाय, एसीसी आहे. त्यावर मैत्रिणीचा पहिला प्रश्न असा की आई इथे कमवत नाही, टॅक्स भरत नाही, तिला कशी मिळेल. तर ही योजना तशी बांधलेलीच नाहीये. 1967 मध्ये सर ओवेन वुडहाऊस यांच्या आयोगाने रिपोर्ट दिला की अपघात कोणाच्या चुकीने झाला हे शोधत कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा सगळ्या समाजाने मिळून जखमी माणसाची जबाबदारी घ्यावी, आणि त्यातून 1 एप्रिल 1974 ला ही योजना सुरू झाली. पैसा येतो तो पगारातून कापल्या जाणाऱ्या लेव्हीतून, मालकांच्या लेव्हीतून, गाडीच्या रजिस्ट्रेशन आणि पेट्रोलमधून, आणि जे कमवत नाहीत त्यांच्यासाठी सरकारच्या तिजोरीतून. देशात आलेला पाहुणाही यात येतो. फक्त विमानात किंवा बोटीत, उतरायच्या आधी लागलं तर पाहुण्याला कव्हर नाही. आणि आजारपण अजिबात नाही. काकूंना त्याच महिन्यात खोकला झाला त्याचं बिल पूर्ण खिशातून गेलं, ते बरोबरच आहे, खोकला म्हणजे अपघात नव्हे.

दुसरी बाजू पण सांगते, कारण जावई घरमालकावर फार चिडले होते, वकील गाठू म्हणत होते. या योजनेच्या बदल्यात इथे दुखापतीच्या नुकसानभरपाईसाठी कोणावर दावा लावता येत नाही. घरमालकाला डेक दुरुस्त करायला, जाळी लावायला सांगा, लेखी सांगा, पण आईच्या हाताचे पैसे त्याच्याकडून मिळणार नाहीत. हे कळल्यावर ते शांत झाले आणि मग मालकाने जाळी लावून पण दिली.

आता मुख्य गोष्ट. क्लिनिकमध्ये मनगट एवढं सुजलं होतं की सगळं लक्ष तिकडेच गेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला पाठवलं, फ्रॅक्चर नाही निघालं, मनगटाला पट्टा बांधला आणि एसीसी 45 हा क्लेमचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरला. अपघात कधी, कुठे, कसा, आणि दुखापत कोणती. बोलणं सगळं लेक करत होती. काकू बाजूला बसलेल्या, खांद्यात कळ येत होती तरी गप्प, कारण लेकीने ऑफिसातून सुट्टी घेतलीय, जावई गाडीत थांबलेत, उगाच अजून कशाला त्रास द्यायचा. आपल्या आयांचं हे असंच असतं, त्या परक्या देशात स्वतःचं दुखणं निम्मंच सांगतात. डॉक्टरांनी विचारलं अजून कुठे दुखतंय का, काकूंनी मान हलवली नाही म्हणून. फॉर्मवर गेलं फक्त उजव्या मनगटाचं स्प्रेन. अपघाताच्या वर्णनात सुद्धा एवढंच की पायरीवरून घसरल्या, मनगटाला लागलं.

मनगट आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी उतरलं. खांदा मात्र चढत गेला. रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना, हात वर करून वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यात पाणी. पेनकिलरचं म्हणाल तर सुजेवरच्या ज्या नेहमीच्या गोळ्या असतात त्या डॉक्टरांनी बीपीमुळे टाळायला सांगितल्या होत्या, पॅरासिटामॉलवर चाललं होतं. तेव्हा अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला, तोही काकूंनीच काढला, कारण साताऱ्यात त्यांच्या शेजारणीने कंबरेसाठी केलं होतं. (आपल्याकडे महाराष्ट्रात त्याला 2015 च्या कायद्याने वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्यता आहे, त्यामुळे काकूंना ते काही अघोरी वगैरे वाटत नव्हतं, उलट लेकच जास्त घाबरलेली.)

इथे एसीसीच्या 2003 च्या नियमांमध्ये फिजिओ, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर (हे दोघे हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करणारे) यांच्यासोबत अ‍ॅक्युपंक्चरिस्टही आहे. म्हणजे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी थेट जाता येतं, आणि आधी क्लेम केलेला नसेल तर अ‍ॅक्युपंक्चरिस्टही एसीसी 45 भरू शकतो. कामावरून रजा लागणार असेल तर मात्र ते सर्टिफिकेट त्याला देता येत नाही, त्यासाठी डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच (जास्तीचं शिक्षण आणि अधिकार असलेली नर्स) लागतो. आठवड्याला पगाराच्या 80 टक्के जे मिळतात ते या सर्टिफिकेटवर अवलंबून असतात, काकूंचा तो प्रश्न नव्हता पण नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि सुया टोचणारा प्रत्येक माणूस चालत नाही. तो एसीसीला चालणारा अ‍ॅक्युपंक्चरिस्ट आहे का हे बुकिंग करतानाच विचारा, 2021 मध्ये चायनीज मेडिसिन, ज्यात अ‍ॅक्युपंक्चरही येतं, हा कायद्याखालचा नोंदणीकृत व्यवसाय झालाय त्यामुळे त्यांची नोंदणी करणारी वेगळी कौन्सिल पण आहे. फिजिओ लोक पण कधी कधी सुया वापरतात, पण ते फिजिओचं सेशन म्हणून धरलं जातं.

मैत्रिणीने चांगली चौकशी करून एका बाईंकडे वेळ घेतली. मूळच्या चिनी, इथे बरीच वर्षं प्रॅक्टिस. त्यांनी क्लेम नंबर घेतला, स्क्रीनवर बघितलं, आणि सरळ सांगितलं की क्लेम मनगटाचा आहे, तुम्ही आलाय खांद्यासाठी, मी खांद्याचा उपचार मनगटाच्या क्लेमवर लावू शकत नाही. मैत्रीण वैतागली, तिला वाटलं पडणं एकच तर क्लेमही एकच, त्यात काय आलं. पण एसीसी कव्हर देते ते ठराविक दुखापतीला, आणि उपचाराचे पैसे त्या दुखापतीच्याच उपचाराला. त्या बाईंनी उगाच मनगट लिहून खांद्याला सुया टोचल्या असत्या तर आज सोयीचं वाटलं असतं आणि पुढे दोघींच्याही अंगाशी आलं असतं. मला त्या बाईंचा फार आदर वाटला.

मग काय केलं, तर पहिलं सेशन पूर्ण पैसे भरून घेतलं कारण काकू कळवळत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी परत त्या क्लिनिकमध्ये गेलो. या वेळी मी सोबत होते आणि आधी घरी बसून काकूंकडून सगळं नीट काढून घेतलं होतं. कुठल्या पायरीवरून, कोणत्या बाजूला, हात कसा टेकला, खांद्यात कळ नेमकी कधी आली, त्या आधी कधी तो खांदा दुखायचा का, कोणत्या कामाला आता हात जात नाही. दुभाष्या मागता येतो हे पण इथे सांगते, 1996 च्या पेशंटच्या हक्कांच्या कोडमध्ये ते आहे, शक्य असेल तिथे दुभाष्या मिळायला हवा. आम्ही घेतला नाही, पण मला विचाराल तर लेकीने किंवा सुनेने बोलण्यापेक्षा बाहेरचा माणूस असलेला बरा, आई त्याच्याजवळ लपवत नाही.

डॉक्टरांनी हात वर, बाजूला, पाठीमागे नेऊन तपासलं, कुठपर्यंत जातो ते लिहिलं, आणि मूळ क्लेममध्ये उजव्या खांद्याचं स्प्रेन जोडण्यासाठी नोट्ससकट एसीसीला पाठवलं. नोंदीत त्यांनी एक वाक्य घातलं की हात टेकून पडण्यात खांद्यावर जोर येतो, आणि पहिल्या तपासणीत मनगटाच्या वेदनेमुळे खांद्याची तक्रार पुढे आली नसावी. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात किमती वाक्य ते. कारण एसीसीला बघायचं असतं ते हेच, की ही दुखापत त्या पडण्यातूनच आली का.

आणि इथे वयाचा मुद्दा येतो, जो आपल्या आईवडिलांच्या बाबतीत हमखास येणारच. सोनोग्राफीत काकूंच्या खांद्याच्या स्नायूबंधात वयामानाने होणारी झीज दिसली, छोटीशी फाटही दिसली. कायदा असा की जे दुखणं पूर्णपणे किंवा मुख्यतः वयामुळे आलंय ते अपघाती दुखापत धरलं जात नाही. साठीनंतर कोणाच्याही खांद्याचा फोटो काढला तर थोडीफार झीज निघते, जिला काहीही दुखत नाही तिच्याही खांद्यात. त्यामुळे प्रश्न झीज आहे का हा नसतो, या पडण्याने वेगळं काय झालं हा असतो. काकूंच्या बाजूने होतं ते असं की पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या नातवाला उचलून घेत होत्या, वरच्या फळीवरचे डबे काढत होत्या, आणि खांद्यासाठी आधी कधी डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. हे सगळं नोंदीत होतं. खांद्याचं स्प्रेन मंजूर झालं, तसं पत्र आलं. फाटीचं मात्र वेगळं, ती अपघाताची की जुनी हा वाद लांबला असता, ऑपरेशनचा विचार नव्हता, आणि काकूंची परतीची तारीख जवळ येत होती, म्हणून तो मुद्दा आम्ही ताणला नाही.

मंजुरी नसती आली तर? साध्या क्लेमवर एसीसीने 21 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, गुंतागुंत असेल तर मुदत वाढते. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत रिव्ह्यू मागता येतो, त्याला फी नाही, ऐकणारा माणूस एसीसीच्या बाहेरचा असतो, आणि त्यानंतरही नाही पटलं तर जिल्हा कोर्ट. मात्र पाहुणा परत गेल्यावर हे सगळं लांबून करावं लागतं, तेव्हा इकडच्या कोणालातरी आपल्या वतीने बोलायची लेखी परवानगी देऊन जावं.

आता सुयांबद्दल. बाईंनी सुरुवातीला बरंच विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयाला पेसमेकर आहे का, मधुमेह आहे का, सुई बघून चक्कर येते का. सुया एकदा वापरून टाकायच्या, केसासारख्या बारीक, काकूंच्या समोर पाकीट फोडलं. गंमत वाटावी असं म्हणजे दुखतोय खांदा आणि पहिली सुई गेली पायाच्या नडगीच्या बाजूला, आणि ती असतानाच काकूंना हात हळूहळू वर करायला लावला. मग खांद्याभोवती काही, कोपराखाली काही. मानेच्या आणि खांद्याच्या मधला जो मांसल भाग असतो तिथे त्या फार उथळ टोचत होत्या, कारण त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. अर्धा तास तशाच पडून राहायचं, वर लाल गरम दिवा. काकू पहिल्यांदा तळहात घट्ट मिटून होत्या, नंतर नंतर तर चक्क घोरायच्या.

फरक पडला का, तर पडला, पण कुठे ते नीट सांगायला हवं. रात्रीची झोप सुधारली, त्या कुशीवर वळता यायला लागलं, गोळ्या कमी झाल्या. हात वर जाण्याचं प्रमाण मात्र सुयांनी फारसं बदललं नाही, ते बदललं फिजिओने शिकवलेल्या व्यायामाने, भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा वगैरे. आणि हे त्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंनीच सांगितलं की दुखणं कमी झालंय तोवर व्यायाम करून घ्या, माझ्याकडेच येत राहू नका. अ‍ॅक्युपंक्चरच्या पुराव्यांबद्दल जगभर एकमत नाहीच, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नका म्हटलं आणि 2021 मध्ये जुनाट वेदनेच्या एका प्रकारासाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं. ज्या माणसाला गोळ्या चालत नाहीत त्याला वेदना कमी करण्याचा एक मार्ग म्हणून मी त्याच्याकडे बघते, फाटलेलं शिवून देणारं औषध म्हणून नाही.

पैशांचं म्हणजे एसीसी प्रत्येक सेशनला ठराविक वाटा थेट क्लिनिकला देते, वरचं को-पेमेंट आपण भरायचं, आणि ते क्लिनिकप्रमाणे बरंच बदलतं. फोनवरच विचारा, लाजू नका. दुखापतीच्या प्रकारानुसार किती सेशन्स होऊ शकतात हे ठरलेलं असतं, त्याच्या पुढे लागली तर एसीसी 32 फॉर्मवर आधी मंजुरी घ्यावी लागते, काकूंची वेळ त्याच्या आत संपली. ट्रॅव्हल पॉलिसीतून को-पेमेंट मिळेल का तेही बघितलं, पण त्यात सुरुवातीची ठराविक रक्कम आपणच भरायची अट होती आणि आमची सगळी बेरीज त्याच्याही खालीच राहिली.

एक प्रसंग लिहायलाच हवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी काकू म्हणाल्या, येतेच आहे तर गुडघ्याला पण दोन सुया टोचून घेते. गुडघा त्यांचा जुना, साताऱ्यापासूनचा. ओळखीतल्या एका काकांनी सल्ला दिला की सांगा ना पडताना गुडघाही आपटला, कोण बघतंय. मैत्रीण क्षणभर विचारात पडली. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि बाईंनीही नाहीच म्हटलं, गुडघ्याचं करायचं तर वेगळे पूर्ण पैसे. ज्या योजनेने कमावता का, टॅक्स भरता का हे न विचारता एका परदेशी आजीचा हात बघितला, तिच्या फॉर्मवर खोटं लिहायचं हे मला अजिबात सहन होत नाही, आणि व्यवहार म्हणूनही ते मूर्खपणाचं आहे, कारण एक खोटी गोष्ट सापडली की खऱ्या खांद्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. काकूंना हे लगेच पटलं. गुडघा परत गेल्यावर बघू म्हणाल्या.

जाण्याआधी आम्ही क्लिनिककडून नोट्सच्या प्रती, एक्स-रे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, अ‍ॅक्युपंक्चरच्या सेशन्सची नोंद, फिजिओचा व्यायामाचा कागद आणि मंजुरीचं पत्र सगळं एका फाइलमध्ये घालून दिलं. भारतात केलेल्या फिजिओचे पैसे एसीसी देणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिथे गैरसमज झाला नाही. साताऱ्यात त्यांनी तो कागद दाखवून तेच व्यायाम पुढे चालू ठेवलेत, वेणी आता स्वतः घालतात, उजवी बाजू अजून थोडी आखडते. पुढच्या वर्षी परत यायचा विचार आहे, आणि तेव्हा खांदा दुखलाच तर क्लेम नंबर तोच सांगायचा, फक्त दुखणं त्याच पडण्यातलं आहे हे डॉक्टरला पुन्हा तपासून लिहावं लागेल, म्हणून मधल्या काळात साताऱ्याला जे काही दाखवतील त्याच्याही तारखेनिशी चिठ्ठ्या जपून ठेवायला सांगितल्यात.